दोन्ही डबे हिरवे

धानाचं रोवणं लागलं का मला शाळेचा राग येतो. ह्या दिवसांत लोकांना चिखलाचा वास येतो, बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या वावरात, वाकलेल्या बाया दिसतात, कोणाची पाठ धरते, कोणाच्या पायाला चिखल्या होतात. मला हे सगळं होतेच. पण त्याच्यावर मला शाळा दिसते. बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीखालची, दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी, आणि मागं टिनाचं स्वयंपाकघर. सौंदडच्या पलीकडं जंगलाकडं निघालं का आमचं गाव लागते, न गावात शिरताना पहिले ती शाळाच दिसते. तोंड फिरवायला जागा नाही.

माझी बायको सुगरता मागच्या साली ह्याच दिवसांत गेली. ताप आला, उतरलाच नाही. ह्या साली बरसी आली, न बरसीला भिंतीवर फोटो पाहिजे. घरात तिचा एकच फोटो, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात ती अशी पाहते जशी कोणी तिची कोंबडी चोरली. हसरा फोटो आहे, पण तो शाळेत आहे, दुसरीच्या भिंतीवर, पोट्ट्यांच्या मधात. मला ते हसू घरी पाहिजे होतं. पोट्ट्यांशिवाय पाहिजे होतं. हे पहिलेच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी म्हणणार नाही का बुढा गोल गोल फिरून राहिला.

सुगरता रोवणारीण होती. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. बाया ओळीनं वाकायच्या, न ही सगळ्यांच्या पुढं मागं सरकत जायची. रोवताना माणूस मागं मागं जाते, समोर हिरवं होत जाते. धानाची कोवळी रोपं, ज्याला आम्ही पऱ्हे म्हणतो, त्याची मूठ मी पाळीवरून फेकायचो ती बरोबर तिच्या हाताजवळ पडायची. ती वर पाहायची नाही. फेकणारा मी आहे हे तिला फेकण्यावरून कळायचं. आमचं लग्न म्हणजे हेच होतं म्हणा ना. बोलणं कमी. मी फेकायचो, ती लावायची. दुपारी पाळीवर बसून तरोट्याची भाजी न भात. तिचे हात धुतले तरी नखात चिखल राहायचा, न त्या भाताला त्या चिखलाचा वास यायचा. मला तो आवडायचा. कोणाला सांगितलं नाही कधी, असं सांगते का कोणी.

मग शाळेत पोरांना खिचडी सुरू झाली, न खिचडी शिजवायला सुगरताला बोलावलं.

रोवण्याच्या ऐन दिवसांत माझी बाई सकाळी शाळेत जायला लागली. बांधीत यायची दुपार कलल्यावर. पुढची ओळ दुसरीच कोणी धरायची. मी मूठ फेकायचो न ती चिखलात कोठंही पडायची.

"शाळा सुटली का बाई?" मी म्हणायचो.

"सुटली जी. आज लय मज्या झाली."

मज्या! इतकी सालं बांधीत राबली, मज्या झाली असं एकदाही म्हणाली नाही.

शाळेत एक मॅडम आली होती नागपूरकडची. वयानं लहान, अंगानं काडी. तिची शिकवायची रीतच वेगळी. पुस्तक कपाटात न पोट्टे बाहेर. घमेल्यात पाणी भरायची न म्हणायची, काय बुडते काय तरंगते, टाकून पाहा. पोट्टे चिंचोका टाकत, बांगडीचा तुकडा टाकत, पळसाचं पान टाकत, एकानं तर आपली चप्पल टाकली. पहिले सांगायचं बुडन का तरंगन, मग टाकायचं. चुकलं तर मारणं नाही. चुकलं तर पुन्हा टाक. सुगरता खिचडीला फोडणी देऊन दारात येऊन उभी राहायची. मॅडम म्हणायची, "या ना मावशी, तुम्ही पण सांगा." झालं. एक पाय चुलीजवळ न एक वर्गात.

एक दिवस घरी आली न हात-पाय न धुता अंगणातल्या टाक्याजवळ गेली. हातात लोखंडी कढई.

"इकडं या जी. सांगा, हे बुडन का तरंगन?"

"जेवाले दे."

"पहिले सांगा."

"लोखंड आहे, बुडन. डोकं फिरलं काय वो तुझं?"

तिनं कढई पाण्यावर सोडली. कढई डुलत राहिली, जशी बदक. मग तिनं कमरेतून खिळा काढला न टाकला. खिळा सरळ तळाला. ती माझ्याकडं पाहून अशी खुश झाली जशी ती कढई तिनंच पैदा केली.

"एवढी जड तरंगते न एवढासा बुडते! काऊन जी?"

"मले काय मालूम."

"मले मालूम आहे. कढई पान्यावर पसरून बसते. पानी तिले खालून ढकलते. खिळ्याले ढकलाले पान्याले जागाच भेटत नाही."

"मग खिळा शिजव आता."

ती हसली. पण ते हसू माझ्या बोलण्याचं नव्हतं, कढईचं होतं. इतका फरक मला कळते.

मी तिसरीपर्यंत शिकलो. आमच्या वेळी गुरुजी खुर्चीवर बसायचे न आम्ही ओरडायचो, वनस्पतीला जगण्यासाठी पाणी, हवा, सूर्यप्रकाश. वनस्पती म्हणजे कोण हे मला लय दिवस मालूम नव्हतं. मला वाटे कोणी मोठी देवी असन, तिला हे तीन नैवेद्य लागतात. शाळेच्या बाहेर सगळीकडं धान उभा होता, न आम्ही आत पाठ त्याच्याकडं करून ओरडत होतो. एकदा मी खिशात बेडकाचं पिल्लू घेऊन गेलो, शेपूट गळून पाय येऊन राहिले होते त्याला. गुरुजींना दाखवावं म्हटलं. गुरुजींनी ते खिडकीबाहेर फेकलं न मला बाकी दिवस उभं केलं. म्हणून सांगतो, त्या पोट्ट्यांना पाहून माझ्या पोटात दुखायचं. घमेल्यात चप्पल टाकणाऱ्याला मॅडम "शाब्बास" म्हणते! मला कोणी म्हणलं असतं तर मी आज कोठं असतो? बांधीतच असतो, मालूम आहे. पण बांधीत उभा राहून चार गोष्टी विचारल्या असत्या.

लोक म्हणतात जळू नये. चूल जळते तेव्हा भात शिजते. माझं जळणं मात्र नुसतं धुराचं. भात काही शिजला नाही.

एक खरं सांगतो. ती घरी नव्हती तेव्हा मी कढई घेऊन बोडीवर गेलो. पाण्यावर ठेवली न तळहातानं खाली दाबली. पाणी खालून हाताला वर लोटते! जसं बैल मानेनं लोटते तसं. मी दाबत होतो, ते लोटत होतं. त्या बोडीत मी लहानपणापासून पोहलो, म्हशी धुतल्या, पण पाण्याला असा जोर असते हे हाताला त्या दिवशी कळलं. आजूबाजूला पाहिलं, दाखवायला कोणी नाही. सुगरताला सांगितलं असतं तर ती जिंकली असती. नाही सांगितलं.

मग सावलीचं आलं. मॅडमनं अंगणात काठी रोवली न पोट्ट्यांना सकाळी, दुपारी, सुट्टी व्हायच्या वेळी सावलीच्या टोकावर गोटे ठेवायला लावले. झालं, सुगरता बांधीत आली का पाळीवर उभी राहून आपली सावली पाहायची. बाया हसायच्या, "काय वो सुगरता, सावली हरवली का?" ती म्हणायची, "नाही वो, आखूड झाली. उन्हानं खाल्ली." जलमभर सावली माझ्या पायाला बांधून होती, न मी कधी तिची लांबी विचारली नाही. आता माझी बायको दुसरीच्या पोट्ट्यांकडून माझ्या सावलीची खबर आणत होती. कोणाला बरं वाटन?

शाळेतल्या दोन डब्यांची गोष्ट त्या साली झाली ज्या साली पाऊस अर्ध्यातून पळाला. रोवणं अर्धं झालं न आभाळ कोरडं ठण. रोवलेल्या बांध्या भेगाळल्या, न रोवायचे राहिलेले पऱ्हे पिवळे पडून राहिले. बोडीचं पाणी पाळीपाळीनं यायचं. गावात दुसरं बोलणंच नव्हतं. चुलीजवळ पाणी, पारावर पाणी, भांडणात पाणी. पोट्टे हेच ऐकत झोपत, हेच ऐकत उठत.

न मॅडमनं नेमके त्याच दिवसांत दोन डबे घेतले. दोन्हीत माती, दोन्हीत धानाचे पऱ्हे. एकाला रोज पाणी द्यायचं, दुसऱ्याला बिलकूल नाही. पाहायचं काय होते ते. नागपूरला हे बरोबर होत असन. तिथं पाणी नळाला येते न धान दुकानात. इथं तिनं धानवाल्यांच्या पोट्ट्यांसमोर एक डबा ठेवला न म्हणाली, ह्याला मरू द्या.

दिवस गेले. डबे पाहतात तर दोन्ही हिरवे. मॅडमला वाटलं माती ओली असन. अजून थांबली. दोन्ही हिरवे, न बिनपाण्याचा तर पाण्याच्यापेक्षा जोरात. मग तिनं सगळ्यांना समोर बसवलं. सुगरतानं हे मला त्या दिवशी संध्याकाळी पाळीवर सांगितलं, म्हणून सगळं पाठ आहे.

"ह्या डब्याला पाणी कोणी घातलं?"

मग मागून एक पोट्टा उठला. "मॅडम, म्या थोडंसंच देलं. पिवळा पडून राहिला होता."

मग दुसरी. "म्या बी, मॅडम. मले रात्री झोप नाही आली."

मग तिसरा, मग ओळच्या ओळ. कोणी पाण्याच्या बाटलीतलं दिलं, कोणी हात धुताना ओंजळीतलं, एकानं गुळणी टाकली. सगळ्यांनी एकमेकांपासून लपवून. न सगळ्यात शेवटी दारातून, हातात खिचडीचा डाव घेऊन सुगरता म्हणाली, "मॅडम, म्या बी. तांदूळ धुतलेलं पानी. वाया जाऊन राहिलं होतं."

मॅडम खाली बसली न डोक्याला हात लावला. मग म्हणाली, "मग ह्यावरून आपण काय शिकलो?"

पायल नावाची एक पोट्टी होती, आमच्याच मोहल्ल्यातली, एवढीशी. ती उठली न म्हणाली, "आपल्या शाळेत चोर लय हायेत."

वर्ग फुटला हसून. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. सुगरताला तिनं मधात उभं केलं, दोन्ही डबे दोन हातांत दिले, पोट्टे चहूकडं, न फोटो काढला. तो हा फोटो.

मी हे ऐकलं तेव्हा पाळीवर बसून होतो. समोर आमचे पऱ्हे, गाईच्या शेपटासारखे वाळलेले. मी म्हटलं, "आपल्या बांधीले पानी नाही, न तू शाळेच्या डब्याले देऊन राहिली?"

तिनं काडीनं नखातला चिखल काढला. मग म्हणाली, "त्याले चुळभर पुरत होतं जी, म्हणून देलं. आपल्या बांधीले चुळभर पुरलं असतं त थे बी देलं असतं."

पाऊस नंतर आला, धान अर्धा झाला, ते सगळं जाऊ द्या. पण ती शाळेची गोष्ट सांगत होती तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मी पाहिलं, न मला समजलं का हा चेहरा तिथं रोज असते न माझ्याकडं त्याची फक्त खबर येते.

मॅडमची बदली झाली. तिची रीत मात्र राहिली, न सुगरता राहिली. दर साली नवी पहिली, नवी दुसरी, नवं घमेलं.

आता हे ह्या सालचं. बरसीच्या आधी मी शाळेत गेलो. नवीन मास्तर भला माणूस आहे. म्हणाला, "बाबाजी, फोटो न्या, पण वापस आणा. पोरं विचारतात." खुर्चीवर चढून त्यानं फोटो उतरवला. दुसरीचे पोट्टे माझ्याकडं असे पाहत होते जसा मी शाळेचा नळ काढून नेऊन राहिलो.

"आजीले कोठं नेऊन राहिले बाबा?" एक पोट्टी म्हणाली.

"माझी बायको आहे. माझ्या घरी नेऊन राहिलो."

"आजीनं आमाले कढई तरंगवून दाखवली होती."

"सगळ्याइले दाखवली," दुसरा म्हणाला. "खिळा बी."

मी फोटो काखेत धरला न निघालो. मला वाटे ती कढई माझी होती. घरच्या टाक्यातली, त्या संध्याकाळची, माझ्या एकट्याची. अन हे शेंबडे म्हणतात सगळ्याइले दाखवली.

सौंदडला गाडीत बसलो न गोंदियाला उतरलो. स्टेशनजवळच्या स्टुडिओत एक पोरगा संगणकासमोर बसला होता.

"बाबूजी, पूरा ग्रुप बड़ा करना है क्या?"

"नाही. अकेली. बाकी सब काढून टाक."

"बच्चे कितने अच्छे लग रहे हैं, रहने दो ना."

"मग तुझ्या घरी लाव."

तो हसला न कामाला लागला. मी त्याच्या पाठीशी उभा राहून पाहत होतो. एकेक पोट्टा जात होता. चप्पल बुडवणारा गेला, गुळणीवाला गेला, झोप न आलेली गेली. खोटं कायले बोलू, मला बरं वाटत होतं. तण निंदल्यासारखं. मागं त्यानं निळा रंग भरला, जसं आभाळ. शेवटी राहिली पायल. ती सुगरताच्या अगदी अंगाला लागून होती, न तिचा हात सुगरताच्या दंडावर होता.

"ये हाथ, बाबूजी? हाथ निकालूंगा तो साड़ी बिगड़ेगी."

"हात बी काढ. साडी बनव."

त्यानं बनवली. दंडावर साडीचं कापड घातलं, असं का कोणाला समजू नये. डबेही काढले, कारण मी म्हटलं हात जोडलेले बरे दिसतीन. ते काही जमलं नाही, मग फोटो छातीपर्यंतच ठेवला. सुगरता एकटी, निळ्या आभाळात, दात दिसून राहिले, गालाला खळी. तिला खळी पडते हे मी विसरलो होतो.

शाळेचा फोटो शाळेला वापस दिला. मी चोर नाही.

बरसीला लोक आले. पोरगा-सून आले, बायका आल्या, चहा झाला. जो येईल तो फोटोसमोर उभा राहायचा न म्हणायचा, "वा, लय मस्त आला." न मग मान वळवून बाजूला, खाली पाहायचा. एक, दोन, सगळेच. माझ्या साळ्यानं विचारलं, "भाटवे, ताई कायले पाहून हासून राहिली जी?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. सुगरता समोर पाहतच नाही. तिची नजर उजव्या हाताला, खाली उतरली आहे. तिकडं आमच्या घरात काय आहे? धानाची कोठी न तिच्या खाली सारवलेली जमीन. माझी बाई रिकाम्या जमिनीकडं पाहून पोट धरून हसून राहिली होती.

मी म्हटलं, "असंच."

पायल बी आली होती. आता गोंदियाला कॉलेजात शिकते, मायच्या उंचीची झाली. सुगरता गेली तेव्हा ही माझ्या सुनेपेक्षा जास्त रडली होती, न मला त्याचाही राग आला होता. ती फोटोसमोर लय वेळ उभी राहिली. दंडाजवळ बोट नेलं, काचेला न लावता.

"बाबा, माहा हात कोठं गेला?"

"कापला."

माझ्या साळ्यानं माझ्याकडं पाहिलं. सुनेनं चहाचा कप खाली ठेवला. मी नजर काढली नाही. म्हटलं बोल काय बोलायचं ते.

"बरं केलं," पायल म्हणाली. "लय सालं टेकवून होती मी." मग म्हणाली, "म्या तेवढ्यात पुन्हा म्हणलं होतं न बाबा, चोर लय हायेत म्हणून. तवाच मॅडमनं बटन दाबलं. आजी माह्याकडं पाहून राहिली."

"मालूम आहे," मी म्हटलं. मालूम नव्हतं.

लोक गेले. पोरगा-सून पाहुण्यांना पोचवायला गेले. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. मी फोटोखाली उभा राहिलो, जिकडं तिची नजर जाते तिकडं सरकलो. नाही जमलं. ती माझ्या पोटाकडं पाहत होती. खुर्ची आणून बसलो. तरी नाही, छातीवर गेली नजर का खांद्यावर, काही भेटेना. मग खुर्ची सारली न कोठीजवळ जमिनीवर बसलो. मांडी घातली. अजून थोडा खाली झालो, पाठ कोठीला टेकवली, मान वर केली, जशी दुसरीतली पोट्टी मान वर करते.

तिथं भेटली. बरोबर माझ्याकडं पाहून राहिली. असं हसून राहिली जसं मी आत्ताच काही लय मोठी गंमत सांगितली.

गुडघे दुखतात, उठायला खांब धरावा लागते. पण रोज बसतो. कोठी तिथून हलवू देत नाही, न पायल आली का तिला खुर्ची देतो, खालची जागा माझी.